पहिले पिस्तूल

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल मागितले नाही असे मूल आपल्याकडे विरळाच. ते विकत घेताना कोणी फारसा विचार करीत नाही. घोडा उठतो की नाही ते बघायचे, रंग बघायचा, टिकल्यांच्या चार डब्या बरोबर घ्यायच्या, झाले! भाऊबीजेपर्यंत त्याचा घोडा मोडतो, आणि मोडला नाहीच तर तुळशीच्या लग्नापर्यंत ते माळ्यावर जाते. या पिस्तुलाचा सारा पराक्रम आवाजात असतो. कादंबरीतले पिस्तूल हे त्याचेच थोरले भावंड. तिसऱ्या प्रकरणात ते मेजाच्या खणात ठेवायचे आणि तेविसाव्यात बाहेर काढायचे, एवढेच लेखकाचे काम. ते किती जड आहे, नायकाच्या पंजात नीट बसते की नाही, असले प्रश्न नायकाला पडत नाहीत आणि वाचकही विचारीत नाहीत. मी दिवसा वर्गात शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे कागदी पिस्तुलांशी माझा परिचय जुना. खऱ्या पिस्तुलाशी माझी ओळख करून दिली ती माझ्या भाचीने.

भाची पंधरा वर्षांची. धाकट्या बहिणीचे सासर कोल्हापूरजवळच्या एका खेड्यात. या जिल्ह्यात तालीम आणि तांबडी माती यांचे कौतुक कोणाला सांगावे लागत नाही. पण अलीकडे त्यांच्या जोडीला नेमबाजीही येऊन बसली आहे. तेजस्विनी सावंत 2010 साली म्यूनिकला रायफलची विश्वविजेती झाली. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसहून रायफलीतले कांस्यपदक आणले, तेव्हा तर गावोगाव साखर वाटली गेली. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीहून पदक आणले, त्यानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या एकट्या खेळाडूला मिळालेले हे ऑलिंपिक पदक. त्यातून कुसाळे हा शिक्षकाचा मुलगा, म्हणून माझ्यासारख्या मास्तराला त्याचे अंमळ अधिकच कौतुक.

या साऱ्याचा परिणाम असा, की एके दिवशी भाची म्हणाली, "मामा, मला पिस्तूल शिकायचंय."

दाजी उत्साही माणूस. उसाचे बिल नुकतेच जमा झालेले. ते म्हणाले, "मास्तर, घ्यायचं तर एकदाच चांगलं घेऊया की! टू-टूचंच घेऊन टाकू. हवेचं काय, पोरांचं खेळणं ते!"

बहीण मात्र गप्प होती. मला स्वयंपाकघरात बोलावून ती हळूच म्हणाली, "दादा, तुला हिचा राग ठाऊक आहे. मागल्या महिन्यात भरलं ताट भिरकावलंन् हिनं. भिंतीवरचा डाग अजून गेला नाही. आणि हिच्या हातात पिस्तूल द्यायचं?"

एका घरात दोन प्रश्न उभे राहिले. बापाचा प्रश्न, कोणते घ्यायचे. आईचा प्रश्न, घ्यायचे का? मास्तराला सगळे ठाऊक असते असा आपल्या समाजाचा एक गोड समज आहे, म्हणून दोन्ही प्रश्न माझ्याकडे आले. मी ते रेंजवर शिकवणाऱ्या सरांकडे नेले.

सरांनी प्रथम दाजींचे ऐकून घेतले. मग टेबलावर दोन वस्तू ठेवल्या: एक टू-टूचे काडतूस आणि एक शिशाचा छर्रा. टू-टूच्या गोळीची जाडी 5.6 मिलिमीटर, छर्‍याची 4.5. म्हटले तर एका मिलिमीटरचा फरक! पण त्या एका मिलिमीटरात केवढा तरी संसार मावलेला आहे. टू-टूची गोळी सुमारे अडीच ग्रॅमची. तिच्या मागे दारू असते, आवाज असतो, हाताला झटका असतो, आणि वाट मोकळी मिळाली तर ती मैलाच्या पलीकडे जाऊ शकते. म्हणून तिच्या पिस्तुलाला परवाना लागतो, आणि स्वतःच्या नावाचा परवाना सर्वसाधारणपणे 21 वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. तोवर शिकणाऱ्या मुलांना ते रेंजवर, देखरेखीखालीच हाताळता येते. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. त्याला ढकलते ती नुसती दाबलेली हवा. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या हवेच्या हत्याराला 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही.

"म्हणून हे खेळणं नव्हे हं," सर दाजींकडे बघून म्हणाले. "डोळा जायला हा अर्धा ग्रॅम पुरतो."

आणि मग त्यांनी जे सांगितले ते मला फार पटले. नवशिक्याने हवेचे पिस्तूल घ्यावे ते केवळ स्वस्त किंवा सोपे म्हणून नव्हे. टू-टूच्या धडाक्याने नवखा माणूस दचकतो. आवाज होण्याआधीच त्याचे डोळे मिटतात, मनगट आखडते. पुढे झटक्याने नळी उडतेच, त्यामुळे चूक हाताची की झटक्याची हे त्याचे त्यालाच कळत नाही. हवेच्या पिस्तुलात हा आडोसा नाही. छर्रा सावकाश निघतो. तो नळीतून बाहेर पडेपर्यंत हात हलला तर ते लक्ष्यावर स्पष्ट उमटते. चांगल्या शिक्षकाचे लक्षण याहून निराळे काय सांगावे? जो आपली चूक आपल्याला दाखवतो आणि त्यासाठी आवाज चढवीत नाही, तो.

दहा मीटरवर टांगलेल्या त्या लक्ष्याचे मधले वर्तुळ 11.5 मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. पिस्तुलाच्या टोकाला एक माशी असते आणि मागे एक चौकोनी खाच. त्या खाचेत माशी मधोमध बसवायची. नजर माशीवर ठेवायची; लक्ष्य अंधूक दिसले तरी चालते, किंबहुना अंधूकच दिसले पाहिजे. ही माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ तीन सेंटिमीटर बाजूला जातो. मी वर्षानुवर्षे फळ्यावर समरूप त्रिकोण काढीत आलो आहे. "याचा उपयोग काय, सर?" असे मुले विचारतात. आता मला उत्तर मिळाले आहे.

पिस्तूल निवडताना पाहायचे काय? लोक कारखान्याचे नाव पाहतात: जर्मनीचे की ऑस्ट्रियाचे, इटलीचे की स्वित्झर्लंडचे? सरांनी भाचीचा पंजा पाहिला. मुठीच्या मापाची पिस्तुले असतात, आणि पादत्राण घेताना आपण जेवढी चिकित्सा करतो तेवढी तरी येथे करावीच लागते. मूठ मोठी पडली तर बोट चापावर नीट पोहोचत नाही आणि चाप सरळ मागे येण्याऐवजी बाजूला ओढला जातो. स्पर्धेच्या नियमाने हवेच्या पिस्तुलाचे वजन दीड किलोपर्यंत चालते. पण पंधरा वर्षांच्या मुलीने ते एका हाताने साठ वेळा उचलायचे आहे, आणि तेही 75 मिनिटांत! तेव्हा किलोच्या आत-बाहेरचे हलके बरे. चाप निदान 500 ग्रॅम वजन पेलणारा असावा असा नियम आहे. त्याहून हलका चालत नाही. आणखी एक गंमत: माणसाचा जसा एक हात जोरकस, तसा एक डोळाही. भाची उजव्या हाताची आणि उजव्याच डोळ्याची निघाली, म्हणून एक अडचण कमी झाली.

एवढे सांगून सर म्हणाले, "आता दोन महिने काहीही विकत घेऊ नका."

दाजींचा चेहरा उतरला. पण रेंजवरचेच एक जुने पिस्तूल भाचीला मिळाले आणि तालीम सुरू झाली. पहिले तीन आठवडे छर्रा नाहीच. पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहायचे, रिकामे पिस्तूल उचलायचे, चाप दाबायचा आणि माशी हलली का ते पाहायचे. हवेच्या पिस्तुलांत असा कोरा सराव करण्याची सोयच असते. भाची घरी येऊन चिडायची. तिला मी कारोली ताकाच या हंगेरियन सैनिकाची हकिकत सांगितली. 1938 साली त्याच्या उजव्या हातात हातबाँब फुटला आणि हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने नव्याने शिकायला सुरुवात केली आणि 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. 1952 ला हेलसिंकीत पुन्हा. म्हणजे आपले खाशाबा जिथे कुस्ती खेळत होते, तिथेच हा डाव्या हाताने नेम धरीत होता. भाचीने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मामा, त्यालाही भिंतीसमोर उभं केलं असेल का?"

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस आम्ही सारे रेंजवर गेलो. बहीण प्रथमच आली होती. त्या दिवशी भाचीचे काही केल्या जमेना. छर्रे डावीकडे खाली, डावीकडे खाली. तिचे कान लाल झाले. आईने माझा दंड धरला. ती खूण आम्हां दोघांच्या ओळखीची होती. भाचीने पुन्हा पिस्तूल उचलले. नेम धरला. पाच सेकंद, आठ सेकंद, दहा सेकंद झाले. चाप सुटला नाही. तिने हात खाली आणला, छर्रा काढून टाकला, नळीत नारिंगी दोरी घातली, नळीचे तोंड लक्ष्याकडे ठेवून पिस्तूल टेबलावर ठेवले आणि दोन पावले मागे येऊन उभी राहिली. कोणी तिला सांगितले नव्हते. थोडा वेळ डोळे मिटून ती तशीच उभी होती. मग बाटलीतले पाणी प्यायली.

सर माझ्या बहिणीजवळ आले आणि म्हणाले, "ताई, आता घ्यायला हरकत नाही."

त्या दिवशी तिचे गुण फारसे झाले नव्हते. पण सर दोन महिने वाट पाहत होते ती गुणांची नव्हे. पिस्तूल उचलणे कोणालाही येते. रागाच्या भरात ते खाली ठेवता येते की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते. आईच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून बापाच्या प्रश्नाकडे वळायचे नाही, असा त्यांचा क्रम होता.

पिस्तूल घेतले ते जुनेच. परदेशातून येणाऱ्या नव्या पिस्तुलाची किंमत लाखाच्या पुढे जाते. रेंजवरची एक थोरली मुलगी 25 मीटरकडे वळली होती, तिचे मिळाले. सरांनी हवेच्या नळकांड्यावरची तारीख तपासली. बहुतेक कारखाने त्याला दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेले नळकांडे फुकट मिळाले तरी घेऊ नये. मूठ किंचित मोठी होती. गावच्या सुताराने सरांच्या देखत कानशीने घासून आणि एका जागी लांबी भरून ती भाचीच्या पंजाला बेतून दिली. पाचशे छर्‍यांची डबी आली; ती वेगळ्या कपाटात ठेवायची आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, कारण ते शिसे आहे. पेटीला कुलूप लागले, आणि किल्ली भाचीने आपण होऊन आईकडे दिली.

यंदा खंडेनवमीला बहिणीने पाटावर विळी मांडली, कोयता मांडला, दाजींचे पाने-पक्कड मांडले आणि शेवटी ती पेटी आणून ठेवली. हळदकुंकू हातात घेऊन तिने लेकीला विचारले, "पेटी उघडायची का गं पूजेला?"

"नको आई, बंदच असू दे," भाची म्हणाली.

बहिणीने कुलपावरच बोट टेकले आणि कुंकू लावले.