अंतर्गळ

मराठी माणूस आपल्या दुखण्यांविषयी बोलायला कधी संकोचत नाही. सकाळची धीमी गाडी कांजूरमार्गाहून सुटली की शीव येईपर्यंत तुम्हांला एकाची साखर, दुसऱ्याचे पित्त, तिसऱ्याचे गुडघे आणि चौथ्याच्या सासऱ्यांचा मोतीबिंदू यांची साग्रसंगीत हकीकत ऐकायला मिळते, आणि तीही न विचारता! पण या आरोग्यसंवादाची एक गंमत माझ्या ध्यानात आली आहे. तो डोक्यापासून निघतो, घसा, छाती, पोट असा खाली उतरत येतो, बेंबीपाशी थबकतो आणि तिथून एकदम उडी मारून गुडघ्यांवर जातो. मधल्या मुलुखाला आपण 'नाजूक जागा' असे नाव देऊन त्याच्याभोवती कुंपण घातले आहे. त्या कुंपणाच्या आत एक अगदी साधे दुखणे राहते. ते फक्त ओझी उचलणाऱ्या प्रौढांना होते, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात ते पाळण्यातल्या बाळांनाही होते, आणि आपण समजतो त्याहून पुष्कळ जास्त वेळा होते.

माझा धाकटा मुलगा आज चौथीत आहे. तो सात महिन्यांचा असताना एके दिवशी त्याला न्हाऊ घालता घालता आईने मला हाक मारली. बाळ न्हाणीघर दणाणून सोडत होते, आणि त्याच्या उजव्या जांघेत सुपारीएवढा फुगवटा आला होता. अंग पुसून त्याला खांद्यावर घेतले, तो शांत झाला, आणि फुगवटाही नाहीसा झाला. पुढल्या आंघोळीला पुन्हा हजर!

घरात बाळ असले म्हणजे सल्ल्यांना तोटा नसतो. आईचे मत पडले की रडून रडून वारा भरला आहे, तेव्हा बाळाला रडू देऊ नये. (हा उपाय सुचवणे जितके सोपे, तितका अमलात आणणे अवघड, हे कोणाही बापाला विचारावे.) शेजारच्या काकूंनी रुपयाचे नाणे बांधायला सांगितले. कॉलेजातल्या एका प्राध्यापकमित्राने, "मोठा झाला की आपोआप जाईल," असे छातीठोकपणे सांगितले. आणि एका ज्येष्ठ गृहस्थांनी स्वतः वीस वर्षे वापरलेल्या पट्ट्याची भलावण केली. सौभाग्यवतीने हे सगळे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन ती सरळ डॉक्टरांकडे निघाली. मी पाठोपाठ.

डॉक्टरांसमोर आमचे चिरंजीव हसत बसले. फुगवट्याचा मागमूस नाही! आम्ही ओशाळलो, पण डॉक्टरांना त्याचे काहीच वाटले नाही. ते म्हणाले, "हा पाहुणा असाच. मला पाहिला की दडतो. पुढच्या वेळी आला की मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे झाले." मग त्यांनी बोटांनी जांघ चाचपली, बाळाला थोडे रडवले आणि निदान सांगितले: हर्निया. मराठीत अंतर्गळ.

पेशाने मी मराठीचा मास्तर. दुखण्यापेक्षा आधी शब्दाकडे लक्ष जाते. आतले ते गळून खाली येते, तो अंतर्गळ. एका शब्दात सगळे निदान! आपल्या प्राचीन वैद्यांनाही हे दुखणे चांगले ठाऊक होते. सुश्रुताने सात प्रकारच्या 'वृद्धी' सांगितल्या आहेत, त्यांतली एक आंत्रवृद्धी. दाबले की ती वर जाते आणि सोडले की पुन्हा फुगते, हे निरीक्षण त्याने नोंदवून ठेवले आहे. कारणे म्हणून ओझी वाहणे, आपल्यापेक्षा बलवानाशी झुंजणे, झाडावरून पडणे अशी यादी दिली आहे, आणि शेवटी ही व्याधी असाध्य म्हणून सोडून दिली आहे. यादी वाचून मी बाळाकडे पाहिले. सात महिन्यांच्या या जिवाने कोणते ओझे वाहिले, आणि कोणत्या मल्लाशी तो झुंजला?

याचे उत्तर असे, की लहान मुलांचा अंतर्गळ हे वेगळेच प्रकरण आहे. आईच्या पोटात असताना मुलाच्या वृषणग्रंथी त्याच्या पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात. सातव्या महिन्याच्या सुमारास त्या जांघेतल्या बोगद्यातून खाली उतरू लागतात. या प्रवासात त्यांना वाट दाखवणारा एक पट्टा असतो. जॉन हंटर या स्कॉटिश शल्यवैद्याने १७६२ साली त्याचे वर्णन केले आणि त्याला 'सुकाणू' या अर्थाचे लॅटिन नाव दिले. वैद्यकातही कवी असतात! तर ही होडी उतरताना पोटाच्या अस्तराची एक चिंचोळी पिशवी आपल्याबरोबर खाली आणते. काम झाले की जन्माच्या आगेमागे ही वाट मिटून जायची असते. कित्येकांची मिटायला वेळ लागतो, काहींची मिटतच नाही. तीतून नुसते पाणी उतरले तर अंडकोश पाण्याने फुगतो. ते बहुधा वर्षा-दोन वर्षांत ओसरते. पण वाट आतडे उतरण्याइतकी रुंद राहिली की अंतर्गळ झाला. म्हणजे रडण्याने तो होत नाही. रडताना पोटावर दाब येतो म्हणून तो दिसतो एवढेच. त्यात बाळाच्या आईची काही चूक नसते, बाळाची तर नसतेच नसते. हे ऐकल्यावर आमच्या आईचा चेहरा निवळला. नातवाला आपण फार रडू दिले, अशी टोचणी तिला लागून राहिली होती.

आणि हे घडते किती जणांना? पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या शंभर बाळांत एक ते पाच जणांना. मुलींपेक्षा मुलांत ते पुष्कळ अधिक. एका मुलीमागे पाचसहा मुलगे. दहांत सहा वेळा उजव्या बाजूला, कारण उजवी ग्रंथी मागाहून उतरते आणि तिची वाटही मागाहून मिटते. माझ्या एका वर्गात शंभर विद्यार्थी बसतात. त्यांतल्या दोघाचौघांच्या जांघेत ही छोटीशी खूण असणार, आणि एकालाही दुसऱ्याची वार्ता नसणार!

अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तर हे प्रमाण फारच वाढते; अगदी लवकर जन्मलेल्या दहांत दोघातिघांपर्यंत जाते. पूर्वी अशी बाळे जगतच नसत. आमच्याच रेल्वेमार्गावर, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातांच्या दुधाची पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. अशा प्रयत्नांनी मूठभर वजनाची बाळे जगू लागली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे न मिटलेले मार्गही दवाखान्यात येऊ लागले. त्यांना भूल देणे जोखमीचे असते. म्हणून शस्त्रक्रिया केव्हा करावी याचा विचार अजून चालू आहे. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला, त्यात अशी बाळे थोडी वाढू देऊन मग शस्त्रक्रिया केली तर गंभीर त्रास कमी होतो असे दिसून आले. मात्र हे थांबणे डॉक्टरांच्या नजरेखालचे. थांबणे निराळे आणि डोळेझाक निराळी.

कारण आपोआप जाणारे दुखणे ते हे नव्हे. बेंबीचा फुगवटा बहुतेक मुलांत चारपाच वर्षांपर्यंत आपला आपण बसतो. नाणे बांधा वा न बांधा. श्रेय मात्र नाण्याला मिळते! काकूंच्या आणि प्राध्यापकमित्राच्या अनुभवाचे मूळ तिथे होते. जांघेतला अंतर्गळ असा बसत नाही. पट्ट्याने ही वाट मिटत नाही, औषधाने मिटत नाही. आणि बाळ जितके लहान, तितकी आतडे अडकण्याची धास्ती अधिक. पहिल्या वर्षात ती सर्वांत जास्त. अडकले की फुगवटा दगडासारखा होतो, आत जात नाही, हात लावू देत नाही. बाळ एकसारखे रडते, ओकते, पुढे ओकारी हिरवी होते. रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत आतडे मरू लागते. अशा वेळी बाळाला काही न पाजता तडक रुग्णालय गाठावे. पुष्कळदा डॉक्टर ते हलक्या हाताने आत सारतात आणि दिवसा-दोन दिवसांनी शस्त्रक्रिया करतात. पण ही वेळ येऊच नये, म्हणून निदान झाले की फार दिवस घालवायचे नसतात.

हे सगळे आमच्या घरी पाठ झाले होते, म्हणूनच पुढची गोष्ट घडली. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई पश्चिमेच्या टेकाडावरच्या वस्तीत राहतात. बाळाच्या शस्त्रक्रियेची बोलणी चाललेली ऐकून एके दिवशी त्यांनी लाटणे खाली ठेवले आणि सौभाग्यवतीला हळूच विचारले, "वहिनी, हे पोरींनाही होतं का हो?" त्यांच्या चार महिन्यांच्या नातीच्या जांघेत बोराएवढी गाठ होती. दुखत नव्हती, पण आतही जात नव्हती. दीड महिना त्यांनी ती लंगोटाखाली झाकून ठेवली होती. मुलीच्या बापालाही सांगितले नव्हते. "पोरीची जात. पोटाला टाके पडले तर उद्या लग्नात कोण विचारील हिला?" म्हणून.

होय, मुलींनाही होतो. आणि त्यांच्या बाबतीत पुष्कळदा आतड्याऐवजी बीजकोशच खाली उतरून अडकतो. तो तिथे पिळला गेला तर कायमचा निकामी होतो. म्हणजे ज्या लग्नाच्या काळजीने आजी गाठ झाकत होती, त्याच्याही पुढची, नातीच्या आईपणाची शिदोरी त्या गाठीत होती. सौभाग्यवती त्याच आठवड्यात त्या दोघींना घेऊन लहान मुलांच्या शल्यवैद्यांकडे गेली. आजीने धीर करून टाक्यांचे विचारलेच. डॉक्टर म्हणाले, "जांघेच्या घडीत पेराएवढी रेघ राहील, आजी. मोठी झाली की तिला स्वतःलाच ती शोधावी लागेल." शस्त्रक्रिया झाली. बीजकोश सुखरूप निघाला आणि आपल्या जागी गेला.

लहान मुलांसाठी वेगळे शल्यवैद्य असतात, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. परळचे बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय १९२९ सालापासून उभे आहे. १९९५ ते २००० या काळात आमच्या मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू असलेल्या डॉ. स्नेहलता देशमुख याच शास्त्रातल्या. त्याआधी त्या शीवच्या रुग्णालयाच्या अधिष्ठाता होत्या. या विद्येचे वेगळेपण अंतर्गळातही दिसते. प्रौढांच्या पोटाची भिंत झिजलेली असते, म्हणून तिला जाळी लावून डागडुजी करावी लागते. बाळाची भिंत धड असते. फक्त ती पिशवी सोडवून मुळाशी बांधून टाकायची. जाळी नको, ठिगळ नको. काही ठिकाणी हेच काम दुर्बिणीने करतात. काम थोडे, पण शुक्रवाहिनी आणि रक्तवाहिन्या दोऱ्यासारख्या बारीक आणि पिशवीला चिकटलेल्या. म्हणून सरावाचा हात हवा.

आमच्या बाळाला पहाटेपासून दूध बंद होते. भूल द्यायच्या आधी चार तास अंगावरचेही पाजायचे नसते, आणि भुकेल्या बाळाला हे पटवून देणे कोणत्याही वक्त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. परिचारिकेने त्याला उचलून आत नेले तेव्हा तो माझ्याकडे हात पसरून पाहत होता. दार मिटले. बाहेरच्या बाकावर आई जपमाळ ओढत होती आणि सौभाग्यवती त्याचे झबले घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घडी घालत होती. शंभरांत एक ते पाच हे आकडे मला पाठ होते. पण बाकावर बसलेल्या माणसाला आपले शंभरातले शंभर आत गेले आहेत असे वाटते. पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आले आणि "भूक लागली आहे त्याला" एवढेच म्हणाले. संध्याकाळी आम्ही घरी होतो.

त्याच दिवशी घरी पाठवण्याची ही रीत नवी वाटेल, पण ती जुनी आहे. ग्लासगोच्या जेम्स निकॉल यांनी १९०९ साली मुलांवरच्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ती सारी मुले बाह्यरुग्ण. शस्त्रक्रिया होताच आयांनी घरी नेलेली. त्यांत अंतर्गळाचीही होती. लहान बाळाला आईपासून तोडून रुग्णालयात ठेवण्यात काही लाभ नाही, आईसारखी शुश्रूषा कोणी करणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे कोणत्याही आजीला विचारले असते तरी समजले असते, पण शल्यवैद्याने नऊ हजार वेळा करून दाखवले म्हणजे जगाला पटते.

बाईंची नात आता माझ्या मुलाहून एक इयत्ता मागे आहे आणि टेकाडाच्या पायऱ्या त्याच्यापेक्षा जलद चढते. तिच्या वस्तीत मात्र तेवढ्यावर गोष्ट थांबली नाही. पुढच्या दोन वर्षांत बाईंनी शेजारपाजारची आणखी तीन बाळे आपण होऊन दवाखान्यात नेली. "अंतर्गळ हाय तो. लाजायचं काय त्यात?" असे त्या ठणकावून सांगतात. मी वर्गात आजवर पुष्कळ शब्द शिकवले. इतका उपयोगी पडलेला शब्द मला तरी आठवत नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळीची पहिली आंघोळ जवळ आली असेल. घरोघर बाळांना तेल-उटणे लागेल आणि ती नेमाप्रमाणे टाहो फोडतील. त्या वेळी वाचकहो, त्यांच्या जांघांकडे एकवार नीट पाहा. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तर उत्तम. एखाद्या बाजूला फुगवटा आला, तर हात पुसा, एक फोटो काढा, आणि फराळाआधी डॉक्टरांची वेळ ठरवून टाका.