गलबताचे छायाचित्र

दिघीहून आगरदांड्यास जाणारी फेरीबोट आज मोटारीही नेते. शिडांवर माल वाहणारी गलबते मात्र दिसत नाहीत. पेढीचा माल ज्यातून येई, त्या गलबताची हातभर सागवानी प्रतिकृती आजोबांनी स्वतः घडवली. दृष्टी मंदावल्याने आता दुसरी होणे नाही.

नातीने मोबाईलवर तिचे छायाचित्र वरून, अगदी जवळून टिपले. नाळ फुगली, गलबताचे खेळणे झाले. रुंद भिंगाचा हा दोषच. मग प्रतिकृती ओसरीवर आली. चार पावले मागे सरून तिने दुप्पट झूम केले, भिंग कठड्याच्या पातळीला आणले. सकाळचे तिरपे ऊन शिडावर, मागे राजपुरीची खाडी पुसट. (फ्लॅश लाकडाचा रंगच मारतो.)

आजोबांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. बऱ्याच वेळाने विचारले, “सुकाणूवर कोण आहे?”