शिरोरेषा शेवटी

आमच्या महाविद्यालयात निरोपाच्या भेटीचा प्रश्न सहसा पडत नाही. शाल, श्रीफळ आणि पुस्तक हा शिरस्ता ठरलेला आहे. पुस्तक कोणते एवढाच काय तो वाद, आणि तोही कुणाच्या कपाटात कोणत्या पुस्तकाच्या दोन प्रती आहेत यावर मिटतो. या वर्षी मात्र मराठी विभागातले आम्ही दोघे पंधरा दिवस अडून बसलो. निरोप घेणारी आमचीच विद्यार्थिनी. आमच्याकडेच एम.ए. झाली, सेट उत्तीर्ण झाली आणि मग सहा वर्षे आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. आता ती नोकरी सोडून घरी केक करणार होती. केक भाजायला तिला आधीपासून येत होते. सजावट नुकती कुठे शिकू लागली होती.

‘नोकरी सोडून’ असे आम्ही लिहून गेलो खरे, पण सोडण्याजोगी नोकरी तिला मिळालीच कुठे होती? दर जूनमध्ये नवी मुलाखत, जितके तास तितके पैसे, सुटीचे काही नाही, आणि देयके चार-चार महिने अडकलेली. त्या देयकांवर तासांची खातरजमा केल्याची सही आम्ही करत असू. दर जूनमध्ये “यंदा जागा भरतील, धीर धर” हे वाक्यही आम्हीच म्हणत असू. सहा वेळा म्हटले. ती विभागात आली तेव्हा तिला ‘तुम्ही’ म्हणावे का, यावर आमचे एकदा बोलणे झाले होते. पण सवयीने ‘तू’च राहिले. शिपाई मात्र पहिल्या दिवसापासून तिला मॅडम म्हणत.

पहिली सूचना अर्थातच पुस्तकाची आली. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ द्यावे, 1970पासून मराठी घरांत नांदणारे पुस्तक, शिवाय प्रसंगोचित. दुसऱ्याने विचारले, की तिला स्वयंपाक येत नाही असे आपल्याला वाटते का? मग कप्पे असलेला एप्रन निघाला, केकचे चित्र असलेला कप निघाला. हे सगळे छंदाला शोभणारे होते आणि तिथेच आम्ही अडखळलो. हलके काही द्यावे तर तिचा उद्योग हौस ठरत होता. जड, कामाचे काही द्यावे तर ती परत येणार नाही, हे आपल्या हाताने मान्य करण्यासारखे होते. भाषणाच्या मसुद्यात आमच्यापैकी एकाने रुखवतातली साखरेची कलाकुसर, पाडव्याची गाठी आणि हलव्याचे दागिने अशी थोर परंपरा तिच्यापर्यंत आणून भिडवली होती. तीळ नाहीतर खसखस मंद आचेवर घेऊन पाकाचा थेंब-थेंब देत बोटांनी फिरवत राहायचे, तेव्हा कुठे हलव्याला काटा येतो, इतका तपशील त्यात होता. मसुदा वाचून तो आम्हीच बाजूला ठेवला. परंपरेने घरभाडे भरता येत नाही.

शेवटी वर्गणीचे साडेतीन हजार रुपये घेऊन आम्ही पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेलो. आमच्या मनात एक पेटी होती: शंभर नगांचा संच, त्यात चकचकीत नोझलच पन्नासेक. दुकानदाराने ती फळीवरून काढलीही नाही.

“शिकणारीला द्यायचीय की धंदा करणारीला?” त्याने विचारले.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. “धंदा करणारीला,” आमच्यापैकी एक म्हणाला. हा निर्णय पंधरा दिवसांत झाला नव्हता, तो त्या फळीसमोर झाला.

“मग ही पेटी नको. यातल्या चार वापरेल, बाकीच्या डब्यात गंजतील.” त्याने चार नोझल वेगळी काढून दाखवली: फुलोऱ्यासाठी मोठे ताऱ्याच्या तोंडाचे, पाकळीसाठी एका बाजूला रुंद नि दुसरीकडे निमुळते, पानासाठी चोचीसारखे आणि अक्षरांसाठी बारीक गोल, 2 किंवा 3 नंबरचे. क्लास केला असेल तर हीही तिच्याकडे असतील, म्हणाला. पण क्लासनंतर मुली बहुधा प्लॅस्टिकची फिरती चकती घेतात आणि ती डुगडुगते. चकती डुगडुगली की क्रीमचा थर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ बसतो, मग दोष हाताला दिला जातो. त्याने बॉल बेअरिंगवर फिरणारी धातूची जड चकती काढली, बोटाने ढकलली आणि आमच्याशी बोलू लागला. बोलणे संपले तरी ती फिरतच होती.

चकतीबरोबर मानेत वाकलेली एक पालेट सुरी घेतली. तशा वळणामुळे हाताची बोटे क्रीमला न लागता थर सपाट करता येतो. रंग घेताना आमचे अज्ञान पुन्हा उघडे पडले. आम्ही पातळ रंगांच्या बाटल्या उचलल्या होत्या. गडद छटेसाठी त्यातले पुष्कळ ओतावे लागते आणि क्रीम सैल पडते. जेल रंग टोकभर पुरतो. चॉकलेटमध्ये मात्र जेलही चालत नाही, पाण्याच्या अंशाने चॉकलेट गुठळते, त्याला तेलातले रंग लागतात. चमकी घ्यायला गेलो तर दुकानदाराने डबीवरचे लेबल वाचायला लावले. ‘बिनविषारी’ म्हणजे ‘खाण्यायोग्य’ नव्हे. शब्दार्थावर पोट भरणाऱ्या आम्हा दोघांना हा भेद एका दुकानात शिकावा लागला.

सरावासाठी थर्माकोलचा गोल ठोकळा घेतला. त्यावर थर द्यायचा, नक्षी काढायची, खरवडून पुन्हा काढायची. केक वाया जात नाही. ठोकळा पाहताना आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. विभागातल्या एका वाढदिवसाला बाहेरून आणलेल्या केकवर ‘हार्दीक’ असे दीर्घ लिहिलेले होते आणि आमच्यापैकी एकाने चमच्याच्या दांड्याने ती वेलांटी दुरुस्त केली होती. सगळे हसले होते, तीही. तेव्हा तिने विचारले होते, की सर, सरावाचे छापील तक्ते मिळतात ते सगळे रोमन अक्षरांचे. देवनागरीचे का नसतात?

तेव्हा उत्तर दिले नव्हते. आता आम्ही बसलो आणि बारा तक्ते केले. 2009च्या शासन निर्णयाप्रमाणे पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठेवला. ‘शुभेच्छा’मधला ‘च्छ’, ‘हार्दिक’मधला रफार, ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ मोठ्या आकारात घेतले. तक्त्यावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि क्रीमने गिरवायचे. खरे सांगायचे तर एवढा भाग आम्ही मनापासून केला. बाकीचे दुकानदाराने केले.

निरोपाच्या दिवशी तिने आधी चकती ढकलून पाहिली, आणि काही न बोलता बराच वेळ ती फिरताना पाहत राहिली. मग तक्ते चाळले.

“मॅडम, यात शिरोरेषा आधी दाखवलीय.”

“मग? वहीत तशीच शिकवतात ना?”

“केकवर शेवटी. आधी ओढली तर शब्द मावत नाही. मी मधलं अक्षर आधी काढते, मग दोन्हीकडे जाते. आणि अक्षर संपायच्या आधी दाब सोडायचा, नाहीतर शेपूट येतं.” थोडे थांबून म्हणाली, “बाकी छान आहेत. ‘च्छ’ मला जमतच नव्हता.”

भाषणात आमच्या तोंडून शेवटी ‘छंद’ हा शब्द गेलाच. तिने शांतपणे सांगितले, “छंद नाही सर. डिसेंबरपासून अकरा ऑर्डरी झाल्या.”

कार्यक्रमाचा केक आम्ही तिच्याकडेच सांगितला होता. समारंभ आटोपल्यावर आम्ही संकोचाने पैसे विचारले. ती “राहू दे” म्हणेल अशी आमची अपेक्षा होती, हे आता कबूल करायला हवे. ती म्हणाली, “सातशे.” आम्ही तिथल्या तिथे दिले. तिने मोजून घेतले, पिशवीतून एक वही काढली, तारीख घालून रक्कम लिहिली आणि पुढे ‘मिळाले’ असे लिहून वही मिटली.