तळव्याची उसनवारी

अंबरनाथच्या माझ्या लहानशा भौतिकोपचार-कक्षात सकाळी पहिल्यांदा येणारा रुग्ण बहुधा एकच तक्रार दाखल करतो : कफ सुटत नाही. मी त्याला कुशीवर निजवते, तळवा ओंजळीसारखा पोकळ करते आणि पाठीवर फासळ्यांच्या अंगाने तालात थापा देऊ लागते. आणि ज्या कामावर निसर्गाने अगणित नोकर तैनात केले होते, ते मी एका हाताने बजावू पाहत आहे, या विचाराने मला दरवेळी थोडे ओशाळल्यासारखे होते.

ते नोकर म्हणजे पक्ष्माभिका, केसांसारखे सूक्ष्म तंतू; श्वासनलिकेच्या अस्तरातील ज्या पेशी त्या धारण करतात, त्यांपैकी प्रत्येकीच्या माथ्यावर त्या सुमारे २०० असतात. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. हे नाव ज्याने योजले तो रसिक असला पाहिजे. मिलिमीटरच्या सहा-सात सहस्रांश भागाएवढी त्यांची लांबी. परंतु उभ्या भातात वारा शिरावा तशा एकामागून एक, सेकंदास दहा-पंधरा वेळा लवत, त्या धूळ व जंतू अडकलेला श्लेष्मा मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने घशाकडे पोहोचवतात, आणि तो आपण नकळत गिळून टाकतो. वर्षानुवर्षे धूर आत गेला, की त्या आखूड होतात, त्यांचा ताल चुकतो, कोठे कोठे त्या समूळ जाऊन तेथे त्वचेसारख्या सपाट पेशी येतात; श्लेष्मा करणाऱ्या पेशी मात्र वाढतच राहतात. माल वाढला, हमाल घटले. मग उरतो तो खोकला, आणि लोक नेमके त्यालाच दडपण्याचे औषध मागतात!

बारवी धरणाकडल्या वाडीतील एक वृद्धा ‘बाई, म्या कधी बिडी ओढली नाय,’ असे अपराध्यासारखे सांगे, जणू मी तिची जबानीच घेत होते. तिचे आयुष्य चुलीपुढे गेले होते. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत वायुगळती झाली, लोकांना श्वास घेणे कठीण झाले, आणि त्याची बातमी झाली. चुलीच्या धुराचा पंचनामा कोण करणार?

फाळणीनंतर निर्वासितांच्या वाट्याला आलेल्या उल्हासनगरच्या लष्करी बराकींत बालपण काढलेले एक सिंधी गृहस्थ परवा तावातावाने आले. ‘मॅडम, महिना झाला बिडी सोडून, आणि खोकला वाढला! सोडून चूक केली का?’ मी म्हटले, ‘काका, जे कामगार धुराने निपचित पडले होते, ते पुन्हा कामावर रुजू होताहेत. जुनी थकबाकी वसूल होते आहे.’ मोडलेले वायुकोश परत मिळत नाहीत, हेही खरे होते. ते मी त्या दिवशी बोलले नाही.

त्यांनी रुमालात खोकून आत निरखून पाहिले आणि विचारले, ‘वसुली किती दिवस चालणार?’

‘काही आठवडे तरी,’ मी म्हणाले. ‘आता डाव्या कुशीवर व्हा.’