नानांची २२ मिनिटे

निवृत्त झाल्यावर अब्बांना दोनच नाद होते, उर्दू वर्तमानपत्र आणि प्रिन्स ऑफ पर्शिया. इशाची नमाज झाली की ते संगणकापुढे बसत आणि अम्मी म्हणायची, "निघाले शहजादीला सोडवायला!"

खेळ तसा साधा. तळघरातून सुटायचे, काटे आणि तलवारवाले चुकवत बारा टप्पे पार करायचे आणि ६० मिनिटांच्या आत वजीर जाफरच्या कैदेतून शहजादीला सोडवायचे. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो १९८९ मध्ये बनवला. शहजाद्याची धाव खऱ्या माणसासारखी वाटते, कारण मेकनरने स्वतःच्या भावाला पळायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्यावरून चित्रे काढली. अब्बा शेवटपर्यंत कधीच पोहोचले नाहीत. आठव्या टप्प्यावर अडकले होते.

त्यांचा इंतकाल झाला, त्यानंतर वर्षभर संगणक झाकूनच होता. त्यात जुने विंडोज एक्सपी होते. मुलाच्या अभ्यासासाठी आम्ही रॅम वाढवली आणि ६४ बिटचे विंडोज १० टाकून घेतले. खेळ डी ड्राइव्हवर होता म्हणून वाचला. सी ड्राइव्हवर असता तर फॉरमॅटमध्ये गेलाच असता, आणि मला तेव्हा ते सुचलेही नसते.

एके रात्री मुलाने खेळ उघडायला पाहिला. उत्तर आले, हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही.

शाळेतल्या एका सहकाऱ्याने सांगितले, राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा, कंपॅटिबिलिटीत एक्सपी निवडा. विंडोजसाठी बनलेले काही जुने खेळ या उपायाने चालतात. आमचा चालला नाही. चार रात्री मी तेच तेच करत बसले. पेपर तपासायचे राहिले ते वेगळेच.

शेवटी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "खाला, हा खेळ विंडोजचा नाहीच, डॉसचा आहे. १६ बिटचा. ६४ बिटच्या विंडोजला ती भाषा येतच नाही." मी उर्दू-मराठी शिकवणारी बाई, मला हे लगेच उमगले. नस्तालीक न येणाऱ्यापुढे उर्दू पुस्तक ठेवून कितीही आग्रह केला तरी तो वाचणार कसा? दुभाषी हवा. तो दुभाषी म्हणजे डॉसबॉक्स. फुकट मिळतो. विंडोजच्या पोटात तो जुना डॉस संगणक उभा करतो. खेळाचे फोल्डर त्याला माउंट या आज्ञेने दाखवायचे, मग खेळाचे नाव टाइप करायचे. वेग कमी वाटला तर कंट्रोल आणि एफ १२, जास्त वाटला तर कंट्रोल आणि एफ ११.

शहजादा पळू लागला. मुलाने कंट्रोल आणि एल दाबले, म्हणजे साठवलेला खेळ उघडतो. आठवा टप्पा. स्पेस दाबल्यावर खाली आकडा आला : २२ मिनिटे बाकी.

"मम्मी, पुढे मी खेळू?"

मी म्हटले, "थांब. आधी ती फाइल पेन ड्राइव्हवर घे." त्याने पुन्हा खेळ साठवला असता तर नानांची २२ मिनिटे पुसली गेली असती. त्याने दोन प्रती काढल्या, एक माझ्या कपाटात आहे.

मग तो खेळायला बसला आणि दुसऱ्याच मिनिटाला काट्यांवर पडला. स्वयंपाकघरातून अम्मीने विचारले, "सुटली का रे शहजादी?"