कोठाराचं दार

गेल्या महिन्यात नातीनं मला ‘ला ए सांत’ छापून दिली. वॉटर्लूच्या रणांगणाच्या ऐन मधोमध, ब्रसेल्सकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेली ही शेतवाडी. चारी बाजूंनी बांधलेली, मध्ये अंगण. आपल्याकडच्या चौसोपी वाड्याची चुलत बहीणच. रात्री झोपायच्या आधी नातीनं थ्री-डी प्रिंटर सुरू केला आणि सकाळी मी चहा घेत होतो तेव्हा वाडी तयार होती. कौलं एकेक मोजून घ्यावीत इतकी रेखीव. “आजोबा, तुम्हाला हे करायला किती वेळ लागायचा?” तीन आठवडे, मी म्हटलं. तिला वाटलं, मी चेष्टा करतोय.

१९७६ साली मी पुण्याहून यॉर्कशरमधल्या एका गिरणीच्या गावात नोकरीला आलो. इंग्लंडचं ते कोरड्या ठणठणीत उन्हाळ्यासाठी गाजलेलं वर्ष. मला वाटलं, इथं नेहमी असंच असतं. ऑक्टोबरपर्यंत गैरसमज फिटला. अशाच एका पावसाळी शनिवारी गिरणीतला फोरमन मला चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेला. त्याला सगळे मेजर म्हणत, सैन्यात तो कधीही नव्हता. हॉलमध्ये टेबल टेनिसच्या टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं, कापडाखाली पुस्तकं सारून टेकड्या केलेल्या, आणि आठ-दहा बाप्ये डोळे बारीक करून फूटपट्टीनं तोफांचे पल्ले मोजत होते. पन्नाशीचे बाप्ये! माझ्या वडिलांनी मला पंधराव्या वर्षी ‘आता किल्ला पुरे’ म्हणून बजावलं होतं.

किल्ला करणाऱ्याचा हात मात्र पंधराव्या वर्षी थांबत नाही. सहामाही परीक्षा संपली की आम्ही पोरं दगड-विटा रचायचो, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचो, आणि गोणपाटाला जिथे आपोआप घडी पडेल तिथे कडा, जिथे झोळ येईल तिथे खिंड. अळीव पेरायचे. कुंभारवाड्यातून मावळे आणायचे. त्यातला भालेवाला बुरुजाहून उंच असायचा, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे. त्यामुळे मेजरच्या टेबलावरची ती कापडाखालची पुस्तकं बघून मी जरा तोऱ्यातच म्हणालो, ह्याला डोंगर म्हणत नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी वॉटर्लू करायला घेतलं. म्हणजे सगळं नाही. १८ जून १८१५ ला नेपोलियनकडे सुमारे ७३,००० माणसं होती, वेलिंग्टनकडे ६८,०००. आमच्या नियमांत एक बाहुला म्हणजे ३३ सैनिक, तरीही चार हजारांवर बाहुले लागले असते. आमच्याकडे तीनेकशे. तेव्हा फक्त मधला भाग: ला ए सांत, तिच्यामागची धार आणि समोरचा उतार. बाहुले एअरफिक्सचे, मऊ प्लास्टिकचे, बोटाच्या पेराएवढे. एका डबीत चाळीसच्या वर निघत, त्यातले निम्मे कधी उपयोगी पडणार नाहीत अशा पवित्र्यात. बंदुका डबीतूनच वाकड्या येत. गरम पाण्यात बुडवून सरळ कराव्या लागत. हंब्रॉलचा तेलरंग त्या प्लास्टिकवर टिकत नसे, तीन लढायांत पोपडे निघत आणि शूर शिपाई नागडा व्हायचा. वेलिंग्टनच्या मदतीला आलेले प्रशियन सैनिक आमच्या गावातल्या दुकानात मिळत नव्हते. मेजरनं इंग्रजांनाच निळा रंग फासला.

ला ए सांत लढवली ती जर्मनांनी. हॅनोव्हरहून आलेले, इंग्लंडच्या राजाच्या चाकरीतले, हिरव्या गणवेशाचे रायफलवाले. मेजर बारिंग त्यांचा अधिकारी, हाताखाली सुरुवातीला चारेकशे माणसं. आमच्या हिशेबानं बारा बाहुले. बारा! ते मी दोन रात्रींत हिरवे रंगवले. खऱ्या लढाईत दुपारपासून संध्याकाळी सहाच्या सुमारापर्यंत त्यांनी वाडी धरून ठेवली. रायफलींची काडतुसं संपली तेव्हा ती पडली, आणि बारिंगबरोबर बाहेर पडले ते जेमतेम चाळीस. म्हणजे सव्वा बाहुला. हे गणित मेजरनं सिगारेटच्या पाकिटावर मांडून दाखवलं आणि मग आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

जमीन मी केली. गोणपाट आणि प्लास्टर. चिखलाच्या जागी प्लास्टर आलं एवढाच फरक. जूनमध्ये त्या शेतांत राय उभी होती (मोहरीची राई नव्हे, गव्हासारखं धान्य), कुठे कुठे माणसाच्या खांद्याला लागेल इतकी. ती कशी करावी? मेजरनं सुचवलं, पायपुसणं. काथ्याचं. त्याचा तुकडा कापून पिवळट रंगवला की उभं पीक तयार. इथे सगळेच असं करत, पण मला मात्र मनातून हसू येत होतं, की बेल्जियमचं शेत शेवटी नारळाच्या झाडाला लागलं. गवतासाठी मी हट्टानं अळीव पेरले. इंग्रज पोरं ओल्या कापसावर ‘क्रेस’ उगवतात, तेच आपले अळीव, हे मला बाजारातल्या पाकिटावरून कळलं. आठ दिवसांत वेलिंग्टनची डावी फळी हिरवीगार झाली. शनिवारी सकाळी जाऊन बघतो तर सपाट. मेजरच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनीनं, ते कात्रीनं कापून अंड्याच्या सँडविचमध्ये घातले होते. लढाईच्या मधल्या सुट्टीत आम्ही ती डावी फळी खाल्ली.

त्या धारेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण वॉटर्लू समजायचं तर ती धार समजली पाहिजे. उंची फार नाही. पण वेलिंग्टननं आपलं बहुतेक पायदळ तिच्या पलीकडच्या उतारावर ठेवलं होतं, बरेचसे आडवे पडलेले. फ्रेंचांना समोर दिसत होती थोडी माणसं, थोड्या तोफा आणि आभाळ. त्यांचे तोफगोळे धारेवरून पुढे जात, किंवा रात्रभराच्या पावसानं झालेल्या चिखलात रुतत. हे पुस्तकात वाचून कळलं होतं. पटलं ते टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून फ्रेंच तोफेच्या मागून बघितल्यावर. माझेच तीस बाहुले मला दिसेनात. प्लास्टर अजून ओलं होतं, मी अंगठ्यानं उतार आणखी थोडा दाबला.

पुष्कळ वर्षांनी लंडनला, चेल्सीतल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये, विल्यम सायबोर्नचं वॉटर्लू पाहिलं आणि वाटलं, हा आपल्या जातीचा. १८३० मध्ये हा लेफ्टनंट ला ए सांत वाडीत आठ महिने राहिला आणि त्यानं रणांगण मोजलं. लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं, तुमची पलटण अमुक वेळी कुठे होती, आणि तुमच्यापुढच्या शेतात पीक कसलं होतं? पीक! १८३८ मध्ये पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये ते मांडलं तेव्हा त्यात सेंटिमीटरभर उंचीचे सत्तर हजारांवर सैनिक होते. प्रशियन फार दिसतात अशी कुरकुर वरच्या मंडळींत झाली, आणि पुढे त्यानं त्यातले हजारो काढून टाकले. प्रशियनांच्या बाबतीत त्याचा आणि आमचा त्रास उलटा, एवढंच.

प्रत्यक्ष रणांगणही पाहून आलो. तिथे आता २२६ पायऱ्यांचा मातीचा डोंगर आहे, वर सिंह. नेदरलंड्सच्या राजानं आपला मुलगा जिथे जखमी झाला तिथे तो उभारला, १८२६ मध्ये पुरा झाला. माती कुठली? त्या धारेचीच. खरवडून वर रचली. मी वरून खाली पाहत होतो, आणि जी धार माझ्या अंगठ्याला ठाऊक होती ती तिथे निम्मी उरली होती.

आता बाहुले २८ मिलिमीटरचे आहेत. हातपाय, डोकी, पाठपिशव्या वेगवेगळ्या येतात, आपण जोडायच्या. डोळ्यांच्या बुबुळापर्यंत कोरलेले. मी खोटं कशाला बोलू, सुंदर असतात. रंग पाण्याचे, पोपडे निघत नाहीत, आणि कुठल्या पलटणीची कॉलर कुठल्या रंगाची हे फोनवर क्षणात कळतं. आम्ही त्यासाठी वाचनालयातल्या एकुलत्या एका पुस्तकासाठी दोन महिने नंबर लावला होता आणि तरीही चुकलो होतो. प्रशियन हवे तितके मिळतात. पण टेबल तेवढंच आहे. माणूस वाढला, घर त्याच्या मापाचं झालं, आणि मैदान आटलं. आता ला ए सांतच्या अंगणातून तोफ डागली तर गोळा टेबलाबाहेर सोफ्यावर पडेल. शिवाय जमीनही विकत मिळते: रबरी चटई, वर गवताचं छायाचित्र छापलेलं. गुंडाळली की पिशवीत मावते. तिच्यावर उतार आहे, पण चित्रातला.

गेल्या रविवारी नातीनं तीच चटई माझ्या जेवणाच्या टेबलावर अंथरली. मी आतून दिवाळी अंक आणले, वीसेक वर्षांचे, आणि चटईखाली सारले. मध्ये जाड, कडेला पातळ. “आजोबा, तुम्ही आधी ह्याला डोंगर म्हणत नाहीत म्हणाला होता ना?” पोरीच्या लक्षात सगळं राहतं. मी तिला खुर्ची मागे ओढून हनुवटी टेबलाला टेकवायला लावली. तिनं एक डोळा मिटला. मग दुसरा. “मागचे दिसतच नाहीत!” मग उठून, पलीकडे जाऊन पाहून आली, ते आहेत का.

मग मी तिची वाडी हातात घेतली आणि छोट्या करवतीनं कोठाराचं शेताकडचं दार कापून काढलं. ती ओरडलीच. रात्रभर छापलेलं होतं ते.

“दार कुठे गेलं?”

“आदल्या रात्री जाळलं,” मी म्हटलं. “पाऊस होता. सैनिकांना थंडी वाजत होती.”

तिनं ते कापलेलं दार उचललं, त्याचे चार तुकडे केले आणि अंगणात रचले.