आळ

चोरी म्हटली कीं भिंतीला भगदाड, फुटलेलें कुलूप, निदान पावलांच्या खुणा तरी असावयाच्याच, अशी आमची जुनी समजूत. आमच्या घरीं झालेल्या चोरीनें यांपैकीं कांहींच मागें ठेवलें नाहीं. डेबिट कार्ड आमच्या पाकिटांत सुखरूप होतें. चोरीस गेले होते ते त्यावरचे आंकडे, आणि ते केव्हां व कोठून गेले हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

एका शुक्रवारीं सायंकाळीं बँकेचा संदेश आला : मोबाईल टॉप-अपपोटीं अमुक रक्कम वजा. रक्कम किरकोळ होती. संदेश पुरता न वाचतांच आमची दृष्टि आमच्याकडे राहून शिकणाऱ्या पुतण्याकडे वळली. "पैसे हवे होते तर मागायचेस," एवढेंच आम्ही म्हणालों. पण स्वर आरोपाचा होता. तो कांहीं बोलला नाहीं. त्याचें मौन म्हणजे कबुलीच, असें आम्हीं ठरवून टाकलें.

रविवारीं पहाटे आणखी चार संदेश आले. या वेळच्या रकमा मोठ्या होत्या. पुतण्यानें ते वाचून शांतपणें म्हटलें, "काका, हे डॉलर आहेत." मग त्यानेंच बँकेस फोन करून कार्ड बंद करविलें व 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदविली.

पुढें उलगडा झाला. अशा चोरास कार्ड चालतें कीं नाहीं हें प्रथम अजमावावयाचें असतें, म्हणून आरंभ लहानशा टॉप-अपनें होतो. त्यास माल पोंचविण्याचा पत्ता लागत नाहीं; तें क्षणांत दूरच्या मोबाईलांत पडतें आणि कमी दरानें विकून त्याचे रोख पैसेही करतां येतात. आपल्याकडे 2009 पासून इंटरनेटवरील कार्डव्यवहारास जादा पडताळणी लागते. परदेशी विक्रेता ती मागेलच असें नाहीं. 2020 पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळांत बंद ठेवण्याचा नियम झाला. आम्हीं मात्र सिंगापूरच्या प्रवासासाठीं ते चालू करून घेतले होते. परतल्यावर बंद करावयाचे राहून गेले.

दोष ग्राहकाचा वा बँकेचा नसून त्रयस्थाचा असेल, आणि संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकानें बँकेस कळविलें, तर त्याजवर तोशीस पडूं नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेनें 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानें घालून दिला होता. पुतण्याच्या तत्परतेमुळें आम्ही त्या मुदतींत बसलों. दहा दिवसांच्या आंत पैसे खात्यांत जमा झाले.

खातें पूर्ववत् झालें. परंतु निरपराध मुलावर आम्हीं जो आळ घेतला त्याची भरपाई कोणत्या परिपत्रकान्वयें करावी? आम्हीं त्याची क्षमा मागितली. "राहूं द्या, काका," म्हणून तो हंसला. मात्र तेव्हांपासून स्वतःच्या मोबाईलचें रिचार्ज केलें कीं, पैसे कोठून दिले हें तो आम्हांस न विचारतांच सांगतो.